वाऱ्याला निघायची वाट

मृगाचा पहिला शिडकावा पडून गेला की आमच्या भंडाऱ्यात घरोघरी एक छोटासा निरोपसमारंभ होतो. खिडकीतला कूलर उतरवला जातो. त्याला दोन माणसं लागतात, एक स्टूल, एक पाना, आणि सूचना करायला सगळं घर. होळीच्या सुमारास येऊन बसलेला हा लोखंडी पाहुणा तीन-साडेतीन महिने जावयाच्या थाटात खिडकी अडवून असतो. त्याला वेळेवर पाणी द्यावं लागतं, त्याचं घोरणं ऐकून घ्यावं लागतं, आणि एखाद्या रात्री तो घोरायचा थांबला की अख्खं घर दचकून जागं होतं. गेल्या वर्षी असाच तो उतरवला, न्हाऊमाखू घालून गोणपाटात गुंडाळला, आणि मागे वळून पाहतो तर खिडकी उभी. अठ्ठावीस वर्षं ती कूलरच्या पाठीमागे होती. वर्षातले आठ महिने ती दिसत होतीच म्हणा, पण पाहिली मी त्या दिवशी. एक झडप एकाच बिजागरीवर तग धरून होती. एका तावदानाच्या जागी एका जुन्या कॅलेंडराचा पुठ्ठा होता, आणि त्यावरची लक्ष्मी बाहेर रस्त्याकडे पाहत होती. चौकटीला मात्र मी मनापासून नमस्कार केला. दरसाल कूलर बसवताना जुनी भोकं कुणाला सापडत नाहीत, म्हणून दरसाल नवी पाडायची, असा आमच्याकडचा रिवाज. मी गणिताचा निवृत्त मास्तर. मोजल्याशिवाय राहवत नाही. भोकं त्रेचाळीस निघाली. जोराचा वारा सुटला असता तर ती चौकट बासरीसारखी वाजली असती.

पुण्याच्या मुलाने फोनवर हे सगळं पाहिलं आणि म्हणाला, “बाबा, आता तरी बदला त्या खिडक्या. एनर्जी एफिशियंट लावा.” याला मराठीत ऊर्जाकार्यक्षम म्हणतात. हा शब्द एका दमात उच्चारायलाच इतकी ऊर्जा खर्च होते की खिडकीने पुढे ती वाचवली तरी हिशेब फिटंफाट व्हावा. पण शब्द डोक्यात बसला. खिडकीला कार्यक्षम असावं लागतं, हे मला त्या वयापर्यंत ठाऊक नव्हतं. खिडकी नुसती असते, अशीच माझी समजूत होती. भिंतीने एका जागी हट्ट सोडला की खिडकी होते.

तसा भंडारा हा तलावांचा जिल्हा. परक्याला वाटावं, पाणी एवढं, म्हणजे गारवाही असेल. त्याने एकदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात यावं. 25 मेच्या आगेमागे सूर्य रोहिणीत शिरतो आणि नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत पारा 45 च्या वर चढून तिथंच वाटाघाटी करत बसतो. दुपारी खांब तलावाकडून माणूस येत असेल तर आधी त्याचं दुपट्ट्यात गुंडाळलेलं डोकं येतं, मग बऱ्याच वेळाने तो. ऊन अंगावर पडत नाही, ते अंगाला टेकून उभं राहतं. आणि आमच्या त्या त्रेचाळीस भोकांच्या खिडकीचं तोंड नेमकं पश्चिमेला. दुपारी तीननंतर सूर्य तिच्यातून असा आत यायचा, जसा वसुलीला आलेला माणूस परवानगी न घेता थेट खुर्चीवर बसतो. त्याच उन्हात आमचा कूलरही अठ्ठावीस वर्षं तापत बसला होता. स्वतः भाजून निघणारा आम्हाला गार करू पाहत होता. त्याला सावलीत हलवावं, हे घरातल्या एकाही शिकलेल्या माणसाला सुचलं नव्हतं. स्टॅन्ड तिथं होता ना!

आईचं माहेर पवनीचं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथं गेल्या. वैनगंगेच्या काठचं ते जुनं गाव, पावलागणिक देऊळ, आणि दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतींवर कवेलूंचं छप्पर घेतलेली घरं. 1969-70 मध्ये तिथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांहून जुना स्तूप उजेडात आला. मोठेपणी तो पाहिला तेव्हा माझ्या मनात इतिहासाऐवजी भलताच विचार आला. स्तूपाला खिडकीच नसते. केवढा मोठा प्रश्न मिटला! आजीच्या घराला मात्र खिडक्या होत्या, लहान, आणि मांजराच्या डोळ्यांसारख्या वेळेप्रमाणे मिटणाऱ्या. सकाळी नऊच्या ठोक्याला आजी घरभर फिरून झडपा लावून घ्यायची. मग अंधारात आमचे पत्ते, आमची भांडणं आणि कैरीचं पन्हं. दुपारी ती खिडकीवरच्या वाळ्याच्या ताटीवर लोट्याने पाणी मारायची. तो पहिला ओला वास आत यायचा आणि वाटायचं, कुठेतरी दूर, फक्त आपल्यापुरता पाऊस पडतो आहे. पुढे वर्गात शिकवताना कळलं की एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना हवेतून सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता सोबत घेऊन जातं. आजीच्या लोट्यात एवढा हिशेब भरलेला असायचा आणि तिला बिल म्हणून कधी यायचं नाही. दिवेलागणीला ती पुन्हा फिरून सगळ्या खिडक्या उघडायची. आता वाटतं, त्या घराची सगळी ऊर्जाकार्यक्षमता आजीच्या मनगटात होती. खिडक्या बिचाऱ्या सांगितलं तेवढं करत.

तर मी नागपूरला एका खिडक्यांच्या दुकानात गेलो. दुकान अख्खं काचेचं, आणि आत इतकं गार की बाहेरच्या उकाड्याबद्दल मला तिथं उगीचच अपराधी वाटू लागलं. मयसभेत दुर्योधनाची जी गत झाली तिच्यातून मी थोडक्यात वाचलो. दार समजून एका बंद काचेकडे निघालो होतो, तेवढ्यात तिथल्या मुलाने हात धरला. मुलगा लाघवी होता. त्याने एक पेटी काढली. पेटीत तापणारा दिवा आणि समोर काच सरकवायची खाच. “सर, इथे तळहात धरा.” साधी काच लावली तेव्हा तळवा भाजला. मग त्याने दुसरी काच सरकवली, आणि दिवा तसाच जळत असताना ऊब मात्र वितळून गेल्यासारखी झाली. मी हात मागे घेतला आणि खिशातल्या पाकिटाची आठवण झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असणार!

त्या काचेवर म्हणे चांदीचा लेप असतो, इतका पातळ की डोळ्याला दिसत नाही. तिला लो-ई काच म्हणतात. दोन काचांमध्ये बोटभर पोकळी ठेवून ती हवाबंद करतात, आणि कडेच्या पट्टीत ओल शोषणारे दाणे भरतात, म्हणजे आत कधी धुकं धरत नाही. मग आले आकडे. उष्णता किती आरपार जाते, हे सांगणारा यू-व्हॅल्यू. साध्या एकेरी काचेचा 5.8 च्या आसपास, दुहेरीचा 2.8, आणि लेपाची दुहेरी काच असेल तर त्याहूनही बराच खाली. जितका कमी तितका चांगला. चौतीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. जिथं कमी गुण मिळवणारा पहिला येतो, असा हा वर्ग. आयुष्यभर मागच्या बाकावर बसवलेल्या किती मुलांची मला तिथं, त्या थंडगार दुकानात, आठवण आली. त्यांच्यातला एखादा मुळात खिडकी असेल, आणि मी त्याला भिंतीच्या कसोट्या लावल्या असतील.

दुसरा आकडा उन्हाचा. शंभर भाग ऊन काचेवर पडलं तर त्यातलं किती उष्णता होऊन घरात येतं? साध्या काचेतून ऐंशीच्या वर भाग, चांगल्या लेपाच्या काचेतून पंचवीस-तीस. माझी मुलगी टोरांटोला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिच्या खिडक्याही दुहेरी होत्या, पण त्यांचं व्रत नेमकं उलटं. आलेलं ऊन घरात कोंडून ठेवायचं, एक किरणही वाया जाऊ द्यायचा नाही. जानेवारीत ती उन्हाच्या एका चौकोनात खुर्ची सरकवत सरकवत दुपारभर त्याच्या मागे फिरायची. आम्ही त्याच सूर्यापासून पळतो, ती त्याच्या मागे लागते. एकाच पाखरावर एका घरी राखण बसवावी आणि दुसऱ्या घरी त्याला दाण्याचं आमंत्रण द्यावं, तसं हे. बापलेकीत एवढं अंतर असलं तरी काच मात्र दोघांनाही दुहेरीच लागते, याचं मला त्या दुकानात उगीच बरं वाटलं.

पोकळीत हवेऐवजी आरगॉन भरून हवा का, असंही मुलाने विचारलं. आरगॉन हा आळशी वायू; ग्रीक भाषेतल्या आळशी या अर्थाच्या शब्दावरूनच त्याचं नाव पडलं. तो कुणाशी संयोग करत नाही, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेतही तो शेकडा एकाला जरा कमी असतोच. आळसासाठी वेगळे पैसे मोजायचे, ही कल्पना मला आवडली, पण परवडली नाही. मे महिन्यात दुपारी एक ते पाच आमचा अख्खा जिल्हाच आरगॉन असतो. तो आळस खिडकीत फुकट भरता आला असता तर भंडाऱ्याने साऱ्या देशाला पुरवला असता.

“सर, घरात एसी किती?” मुलाने वही उघडली. एकही नाही, मी म्हणालो. त्याचं पेन थांबलं. या खिडक्यांनी एसीची वीज वाचते, त्यातून काही वर्षांत पैसे वसूल होतात, असा त्याचा पाठ होता. आमचा कूलर दोनशेएक वॅटचा. दीड टनाच्या एसीला दीड हजार वॅट लागतात. म्हणजे वीज वाचवायची तर आधी ती खर्च करायची सोय मला करावी लागणार होती. आम्ही दोघं थोडा वेळ एकमेकांकडे पाहत राहिलो. मग त्याने हळूच विचारलं, “कूलर कुठे लावता?” खिडकीत, मी म्हणालो. “कुठल्या?” “हीच बदलायची आहे ती.” त्याने पेन खाली ठेवलं. ही खिडकी बंद राहण्यासाठी जन्माला आलेली, तिच्या कडेच्या रबरातून मुंगीचा उसासाही आत येऊ नये अशी तिची ख्याती. आणि मला तिच्यात एक भलंमोठं, घोरणारं, पाणी पिणारं भोक हवं होतं.

घरी येऊन मी कागद काढला. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची ‘इको निवास संहिता’ 2018 साली आली, घरांच्या भिंती आणि खिडक्या कशा असाव्यात हे सांगणारी. ती मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींसाठी आहे, माझ्या म्हाताऱ्या घराला ती विचारतही नाही. पण निवृत्त मास्तरला दुसऱ्याचा पेपर सोडवायला कोण अडवणार? नागपूरचा पट्टा तिच्या लेखी संमिश्र हवामानाचा. अशा ठिकाणी उघडता येणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या निदान साडेबारा टक्के हवं. संहिता अख्ख्या घराचा हिशेब धरते, मी एका खोलीचा धरला. बैठकीची खोली 12 बाय 14, म्हणजे 168 चौरस फूट. साडेबारा टक्के म्हणजे 21. पश्चिमेची खिडकी 16 चौरस फूट, पूर्वेची 12. बेरीज 28, पास. पण पश्चिमेला सरकती खिडकी बसवली तर? सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, दुसऱ्या अर्ध्याला झाकून. माणसं मन मोकळं करतात तशीच. मग पश्चिमेचे 8 आणि पूर्वेचे 12 मिळून 20. एका गुणाने नापास. वर्गात मी एका गुणासाठी कुणाला अडवलं नव्हतं, पण खिडकीला अडवलं. सरकती रद्द, दोन्ही पाखं सताड उघडणारी घ्यायची, असं त्या रात्री ठरलं. कूलरला उत्तरेच्या सावलीत हलवायचं, हेही ठरलं, आणि आपण हे अठ्ठावीस वर्षं का केलं नाही यावर कुणीही बोलायचं नाही, हे न बोलताच ठरलं.

राहिली पूर्वेची. बदलायचीच तर जोडीने बदलू, असं मला वाटत होतं. आई भिंतीला पाठ लावून ऐकत होती. ती म्हणाली, “थे राहू दे रे बाबू. वाऱ्याले निंगाले जागा नाई ठेवली, तर थो येईन कायले?” मी हसलो. मग लक्षात आलं, कूलरच्या माहितीपुस्तकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात हेच लिहिलेलं असतं. कूलर हवा आत ढकलतो तेवढीच हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर खोलीत ओल साचते, अंग चिकचिकतं आणि गारवा म्हणून काही उरत नाही. म्हणूनच अठरा वर्षांपूर्वी वडिलांनी पूर्वेची भिंत फोडून ती खिडकी घातली होती.

तिची गोष्ट अशी. गोसीखुर्द धरणाची कोनशिला 1988 साली बसली, आणि पुढच्या वर्षांत वैनगंगेकाठची गावं एकेक करून उठू लागली. माणसं घरं मोडून नेत होती. माती नेता येत नाही, विहीर नेता येत नाही, पण सागवान नेता येतं. पवनीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये चौकटी आडव्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. ज्यांच्यातून आयुष्यभर समोरचं दिसायचं, त्या आभाळाकडे तोंड करून निघालेल्या. अशाच एका ट्रॉलीवाल्याकडून वडिलांनी ती खिडकी घेतली. घासाघीस केली नाही, एवढंच आई सांगते.

मिस्त्री आला तेव्हा मन अजून डळमळत होतं. “पाहून तर ठेव,” मी म्हणालो. त्याने पूर्वेच्या चौकटीलगतचं प्लास्टर छिन्नीने थोडं उडवलं, हात फिरवला, आणि थांबला. “गुरुजी, असं सागवान आता भेटत नाई जी. अन् इथं काही तरी लिहून आहे.” चौकटीच्या भिंतीकडच्या अंगाला, इतकी वर्षं चुन्याखाली दडलेल्या, गेरूने रंगवलेल्या दोन जाड अक्षरओळी होत्या. ओसरी. उजवी.

घर मोडताना लिहिलं असणार, नवीन जागी पुन्हा जसंच्या तसं उभारता यावं म्हणून. कुणीतरी प्रत्येक लाकडाला त्याचा पत्ता देऊन ठेवला होता. मग पुनर्वसनाच्या जागेत ओसरी मावली नसेल, किंवा पैसे लागले असतील, किंवा सिमेंटच्या घरात लोखंडी खिडक्या आल्या असतील. मिस्त्रीने मला काही विचारलं नाही. खाली जाऊन मसाला कालवून आणला आणि ती अक्षरं हलक्या हाताने पुन्हा बुजवली.

पश्चिमेची नवी खिडकी बसली त्या दिवशी ती मिटली आणि रस्ता एकदम मुका झाला. भाजीवाला ओरडताना दिसत होता, पण आवाज नव्हता. देवळातली घंटा हलली, वाजली नाही. आई जरा वेळ काचेकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “बाहेरचे सारे झोपले का रे?” संध्याकाळी तिनेच कडी काढून दोन्ही पाखं उघडली. यंदाच्या उन्हाळ्यात रोज सकाळी नऊला ती काच लागते आणि दिवेलागणीला उघडते. लावणारं मनगट आता माझं आहे. भिंतीवरचा तापमापक दुपारी गेल्या वर्षीपेक्षा दोन अंश खाली असतो, आणि मी तो आल्यागेल्याला मुलाची गुणपत्रिका दाखवावी तसा दाखवतो. कूलर उत्तरेच्या सावलीत घोरतो. त्याची हवा खोली ओलांडते, आईच्या पांढऱ्या केसांना जरा हात लावते आणि पूर्वेच्या खिडकीतून नदीकडे निघून जाते. गोसीखुर्द धरणाचा फुगवटा आता भंडाऱ्यापर्यंत येऊन पोचला आहे. खिडकी आधी आली, तिच्या मूळ गल्लीवरचं पाणी मागाहून.

मला मात्र एक नवाच छंद जडला आहे. उजवी होती, म्हणजे डावी असणारच. तेवढ्याच मापाची, तशाच गजांची, कुठल्या तरी ट्रॉलीतून कुणाच्या तरी घरी गेलेली. संध्याकाळी फिरायला निघालो की मी गल्लीगल्लीतून लोकांच्या खिडक्या न्याहाळत जातो. माणसं पडदा ओढून घेतात. निवृत्तीनंतर गुरुजींचं काहीतरी बिनसलं, असं बोललंही जात असेल. परवा एका घरासमोर असाच रेंगाळलो, तेव्हा आतल्या लहान मुलीने गजांना धरून विचारलं, “काय पाहून राहिले जी, आजोबा?” मी म्हणालो, काही नाही बाळा, खिडकी. तिने आधी मला पाहिलं, मग खिडकीला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि एका बाजूला सरकून उभी राहिली, म्हणजे मला सगळी दिसावी.